पंच्याऐंशी लारी

जुनं घड्याळ गेलं ते बादलीत.
मेस्तियाच्याही वर, शेवटच्या घरी, बाळंतिणीच्या गरम पाण्यात
हात बुडवला आणि काच आतून धुकटली.
मूल रडलं. किती वाजता,
ते कागदावर मी अंदाजानं लिहिलं.
आता आयुष्यभर त्या पोराचा जन्म
पाच-सात मिनिटं इकडेतिकडे.

म्हणून आज कुटाइसीत.
मिनिबसमध्ये पाच तास हाडं खिळखिळी करून
ओतियाच्या टपरीसमोर उभी.
टपरी म्हणजे एक खिडकी,
आत दिवा, माणूस, माणसाच्या डोळ्यात अडकवलेलं भिंग.

आधी त्यानं सोनेरी काढलं.
म्हटलं, आयोडीन सांडलं की ते पितळेचं दिसेल.
मग एक भलंमोठं, पोटात तीन पिल्लं तबकड्या, कडेला बटणं.
नाकापेक्षा मोती जड.
कोटाच्या बाहीत शिरेचना.
मग म्हणाला, हे घ्या, दोनशे मीटर पाण्याखाली चालतं.
बाबा रे, मला बादलीपुरतं हवंय.

तो गप्प झाला. खाली वाकला.
बुटांच्या खोक्यातून काढलं एक मातकट,
कसला तोरा नसलेलं.
काळी तबकडी, पांढरे आकडे, बाराच्या बारा,
एकाच्याही जागी नुसती रेघ मारून
वेळ मारून नेलेली नाही.
शिपायांसाठी असली बनवायचे, तो म्हणाला,
चिखलात, अंधारात, घाबरलेल्या माणसाला
एका नजरेत किती वाजले ते कळावं.
घाबरलेली माणसं माझ्याकडेही पुष्कळ आहेत, मी म्हटलं.

तारखेची खिडकी नाही. बरं झालं.
तारीख मला म्हाताऱ्यांच्या उरलेल्या गोळ्यांवरून कळते.
पट्टा कापडी, साबणानं धुता येईल असा.
ओंजळ करून तिच्या अंधारात डोकावले:
काटे हिरवट, कच्च्या अक्रोडाच्या सालीसारखे.
आणि सेकंदकाटा लांब,
प्रत्येक रेघेवर नेमकं पाऊल ठेवणारा.
एकशे दहा, तो म्हणाला.

बघू चालतं का. दे हात.
त्याला वाटलं, सौदा पटला.
मी त्याचं मनगट उलथं केलं, तीन बोटं टेकवली.
वीस सेकंद. तीस.
ठोका, ठोका,
मग काहीच नाही,
मग दोन घाईनं, शाळेला उशीर झालेल्या पोरांसारखे.
घड्याळच अडखळतंय असं वाटलं मला.
काटा बघितला. काटा सरळ चालला होता.
पुन्हा एक अख्खं मिनिट मोजलं.

मागे पडतंय का, त्यानं विचारलं.
घड्याळ चोख आहे, म्हटलं.
जिना चढताना थांबतोस?
त्यानं भिंग काढलं.
भिंगाखालचा डोळा दुसऱ्यापेक्षा लहान होता,
भोवती गोल वळ.
सगळेच थांबतात, तो म्हणाला.

चिठ्ठी लिहिली. दवाखाना, दुसरा मजला,
डॉक्टर ल्यामारा. आजच.
आज बाजाराचा दिवस आहे, म्हणाला.
शटर ओढायला किती वेळ लागतो ते मोजू का?
घड्याळ आहे माझ्याकडे.

तो हसला नाही.
पंच्याऐंशी द्या. नाहीतर राहू द्या, काहीच नको.
फुकटचं घड्याळ मला वेळ सांगताना उपकार सांगेल.
पंच्याऐंशी मोजून दिले.
माझं मनगट बारीक, म्हणून त्यानं पट्ट्याला
एक जादा भोक पाडलं.
अरी दोनदा घसरली.

परतीच्या मिनिबसमध्ये पहिल्या वळणावर बघितलं:
चार वाजून पाच.
ओढलं असेल शटर.
चार वाजून नऊ.
नसेल.

शेजारची बाई म्हणाली, नवीन दिसतंय, सारखं बघताय.
म्हटलं, हो. अंधार पडला की
काटे उजळतात म्हणे.